पाटावरची डब्लिनची चावी

१. पैजेचा प्रश्न

"बाबा, तू संपफोड्या आहेस का?"

हा प्रश्न माझा नाही, चैत्राली आणि मे लिनचा आहे. शुक्रवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये दोघींनी पैज लावली की दसऱ्याच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर मी बाबाला हे विचारून दाखवायचं. "यू वोन्ट डेअर, लाह," मे लिन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. दोन वर्षांपूर्वीची जाई खरंच घाबरली असती. ती वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. आताची जाई शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे आणि तिला गप्प करायला घंटा वाजवावी लागते. तेव्हा मी विचारलं.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. बाबाने पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला, तो जरा जास्तच वेळ तिथे ठेवला आणि म्हणाला, "जेवताना नको, जाई."

आता पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर पुढचं काही कळणार नाही. बाबाच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. घरी आम्ही तिला 'आत्याबाई' म्हणतो, कारण तिचा फोन आला की बाबा भरल्या ताटावरून उभा राहतो. आत्याबाईचं एक ऑफिस इथे चांगी बिझनेस पार्कमध्ये आहे, दुसरं डब्लिनला. गेल्या महिन्यात तिने डब्लिनच्या लोकांपुढे एक कागद ठेवला: युनियन सोडतो अशी सही करा, नाहीतर कामावर येऊ नका. कुणीच सही केली नाही. आत्याबाईने दारं बंद केली, आणि आता डब्लिनचं सगळं काम सिंगापूरच्या टीमने उचलायचं होतं. त्या टीमचा मुख्य माझा बाबा, प्रबोध.

ही बातमी ऐकूनच मी इतिहासाच्या प्रोजेक्टला १९१३ चं डब्लिन घेतलं. तेव्हा तिथल्या ट्रामवाल्यांनी भर रस्त्यात ट्राम उभ्या केल्या आणि खाली उतरले. मालकलोकांनी हजारो कामगारांपुढे असाच कागद ठेवला होता. मुलंबाळं उपाशी राहिली, इंग्लंडच्या कामगारांनी बोट भरून अन्न पाठवलं, तरी शेवटी कामगार हरले. आणि दुसऱ्यांच्या जागी कामाला जाणाऱ्यांना तिथे काय म्हणायचे, ते माझ्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं. मैत्रिणींनी तेच उचललं.

जेवायला पाहुणे तीनच. उद्धवकाका, म्हणजे बाबाच्या टीममधला दोन नंबर. त्याची बायको उर्मिलाकाकू. आणि कॉनर, जो मूळचा डब्लिन ऑफिसचा, पण बदली होऊन इथे आलेला, म्हणून त्याच्यापुढे तो कागद आला नाही. मात्र त्याची मोठी बहीण निआव तिकडे बंद दारासमोर फलक घेऊन उभी आहे. बाबाला हे काम शिकवलं तेही निआवनेच. ट्रेनिंगला डब्लिनला गेलेला बाबा तापाने फणफणला होता तेव्हा तिने त्याला स्वतःच्या घरी नेऊन बटाट्याचं सूप पाजलं होतं. बाबा ते सूप अजून आठवतो, आणि ते अळणी होतं हेही.

तेवढ्यात फोन वाजला, आत्याबाईच्या बड्या मॅडमचा. बाबा उभा राहिला.

"हो मॅडम. आज संध्याकाळपासून? हो. चावी माझ्याकडेच आहे. एक मिनिट, बघतो."

तो फोन घेऊन हॉलच्या कोपऱ्यात गेला. परत आला तेव्हा फोन छातीशी धरलेला होता.

"चावी नाहीये," तो म्हणाला.

२. पाटावर काय काय होतं

डब्लिनच्या सिस्टिममध्ये शिरायला अंगठ्याएवढी एक यूएसबी चावी लागते. सिंगापुरात अशी एकच आहे आणि ती बाबाच्या ताब्यात असते. नवी हवी असेल तर डब्लिनहून मागवावी लागते, आणि ती बनवून पाठवणारी माणसं दाराबाहेर उभी आहेत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्या क्षणी कुणी हसलं नाही.

खरा दसरा गुरुवारी झाला. पण गुरुवारी बाबाला ऑफिस, आईला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात पेशंट आणि मला केमिस्ट्री. त्यामुळे आमच्याकडे दसरा शनिवारी येतो. आई दरवर्षी म्हणते, "देवाला कळतं, त्यालाही वर्किंग डेज माहीत आहेत." सकाळी हॉलच्या कोपऱ्यात पाट मांडला, त्यावर पिवळं कापड घातलं आणि ज्याचं जे हत्यार ते पूजेला ठेवलं. बाबाचा लॅपटॉप. आई फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तिची गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी. माझा कॅल्क्युलेटर. आणि लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याशी ती चावी. ती बाबाने ठेवताना मी स्वतः पाहिलं आणि मग दाराबाहेर रांगोळी काढायला गेले. आई स्वयंपाकघरात होती. पूजा बाबाने एकट्यानेच केली. आम्ही आरतीला आलो तेव्हा पाटभर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि कुंकू होतं. चावीच्या जागी एक आख्खं झेंडूचं फूल होतं.

पाहुणे आरतीनंतर आले. एकदा पूजा झाली की दिवेलागणीपर्यंत पाटावरचं काही हलवायचं नाही, हा आईचा नियम. त्यामुळे फुलाखाली कुणी पाहिलंच नव्हतं.

"मॅडम पाच वाजता परत फोन करणार," बाबा म्हणाला. "तोपर्यंत सापडली नाही तर सिक्युरिटीला कळवणार. मग घरी कोण कोण आलं होतं ते विचारतील."

कुणीही मुद्दाम पाहिलं नाही, तरी सगळ्यांना कळलं की सगळे कॉनरकडे पाहताहेत.

३. साक्षी

मी लगेच तपास हाती घेतला. कुणी दिला नव्हता, मी घेतला.

उर्मिलाकाकूंना मी वॉश बेसिनपाशी गाठलं. "मी काही म्हणत नाही हं," त्या हळूच म्हणाल्या, "पण तो कॉनर पाटापाशी वाकला होता. चांगला गुडघ्यावर बसला होता. फोटो काढत होता म्हणे."

"आणि उद्धवकाका?"

"हे? हे तिथल्या प्लगला फोन लावून उभे होते. आमच्या ह्यांना समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही गं, चावी कुठून दिसणार?"

उद्धवकाका सोफ्यावर बसून गुडघा हलवत होता. "जाई, हा खेळ नाहीये बाळा. चावी गेली तर तुझ्या बाबाची नोकरी जाईल, आणि तिच्याबरोबर इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पासही. मग उचला बॅगा आणि चला पुण्याला."

पुणे मला आवडतं, पण सुट्टीत. दोन वर्षं धडपडून मला इथे मैत्रिणी मिळाल्या आहेत, मार्चमध्ये डिबेटची फायनल आहे, आणि बुकित तिमाहच्या बसस्टॉपवर आता मला तीन-चार जण हाक मारतात. हे सगळं एका अंगठ्याएवढ्या वस्तूवर लटकलं होतं.

"काका, तुला ती चावी हवी होती का?"

"मला कशाला? मला तर ती सापडायला हवी आहे. आज रात्री बाबाबरोबर मीच बसणार होतो."

आई स्वयंपाकघरात उरलेलं श्रीखंड डब्यात भरत होती. "सकाळभर माझे हात कणकेत होते," ती म्हणाली. "आणि मला तुझ्या बाबाकडून काही हवं असलं तर मी ते मागते. लपवालपवी करायला मला वेळ नाही."

हे पुराव्याइतकंच पक्कं होतं.

कॉनर बाल्कनीत उभा होता. तो इंग्रजीत बोलतो, त्याच्याशी बोलताना बाकीचेही; मी मराठीत लिहिते. "मी वाकलो होतो, खरं आहे," तो म्हणाला. "लॅपटॉपला फुलं वाहिलेली मी कधी पाहिली नव्हती. माझी आजी गोठ्यात गाईंवर मंतरलेलं पाणी शिंपडायची, त्याची आठवण झाली. म्हणून फोटो निआवला पाठवला. म्हटलं, बघ, तुमच्या मशीनची इथे केवढी बडदास्त आहे."

"तुला वाटतं का, की ती चावी कधीच सापडू नये?"

त्याने खालच्या स्विमिंग पूलकडे पाहिलं. "खूप वाटतं," तो म्हणाला. "म्हणूनच तर सगळे माझ्याकडे बघताहेत."

एवढ्यात आतून उद्धवकाकाचा आवाज आला. "कॉनर, गैरसमज नको, पण एकदा तुझी बॅग बघितली तर सगळ्यांनाच बरं वाटेल."

४. बॅग

कॉनरने आत येऊन बॅग टेबलावर उलटी केली. छत्री, चुरगळलेला टाय, इअरफोन आणि आईने घरी न्यायला दिलेला श्रीखंडाचा डबा. बाकी काही नाही.

"खिसे?" उद्धवकाका म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचेच कान लाल झाले.

"उद्धव, बस झालं," आई म्हणाली. "पाहुणा आहे तो माझ्या घरचा."

"वहिनी, मलाही हे आवडत नाहीये. पण पाच वाजता विचारतील तेव्हा सांगायचं काय? त्याची बहीण तिकडे पुढे उभी आहे, हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे."

मी बाबाकडे पाहिलं. बाबा हळू आवाजात म्हणाला, "कॉनर असं करणार नाही." म्हणाला खरा, पण टेबलाच्या कापडावरचा डाग बोटाने पुसत म्हणाला, आणि मग त्याने श्रीखंडाचं भांडं पुढे ओढलं.

इथे मला काहीतरी खटकलं. काय ते कळेना, म्हणून मी पाटाशी जाऊन बसले आणि आईचा नियम मोडला. माझा कॅल्क्युलेटर उचलला.

आणि मला जे दिसलं ते बघून मी इतक्या जोरात उठले की समई हलली.

५. जाईचं भाषण

"सगळ्यांनी इकडे या," मी म्हणाले. अशा गोष्टी एकेकट्याला सांगण्यात काय मजा? "आधी कॉनरची माफी मागायला तयार राहा."

सगळे पाटाभोवती जमले. मी कॅल्क्युलेटरची जागा दाखवली. आजूबाजूला कुंकू आणि अक्षता सांडलेल्या, आणि मधोमध कॅल्क्युलेटरच्या मापाचा स्वच्छ पिवळा चौकोन. आईची हातोडी उचलली. तिच्याखाली हातोडीच्या आकाराचं स्वच्छ कापड. लॅपटॉपचा कोपरा उचलला, तेच.

"पूजेच्या वेळी जी वस्तू पाटावर असते," मी म्हणाले, "तिच्याखाली कुंकू जात नाही. बरोबर? आता चावीची जागा बघा."

मी झेंडूचं फूल उचललं. खाली कुंकू आणि अक्षता एकसारख्या पसरलेल्या होत्या. चावीएवढी सोडाच, पण नखाएवढीही मोकळी जागा नव्हती.

"म्हणजे कुंकू-अक्षता वाहिल्या तेव्हा चावी इथे नव्हतीच," मी म्हणाले. "ती आधीच कुणीतरी उचलली होती. आणि तुम्ही तिघंही आरतीनंतर आलात. कॉनर सुटला. काका, तूही सुटलास. काकू, तुम्हीसुद्धा."

"अगं बाई, मी पण होते का यादीत," उर्मिलाकाकू म्हणाल्या.

उद्धवकाका कॉनरकडे वळला. इंग्रजीत काय म्हणावं ते त्याला सुचेना. त्याने खिशातून एक पान काढलं आणि कॉनरच्या हातावर ठेवलं. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून आई गेटजवळच्या कांचनाची पडलेली पानं गोळा करते. तोडली तर दंड होईल अशी तिला भीती. "सोनं," काका म्हणाला. "सॉरी, कॉनर. माझी मती फिरली होती." कॉनरने ते पान नीट शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी हवेत होते. डिबेटमध्ये समोरचा अडखळतो तेव्हा वाटतं तसं वाटत होतं.

"मग घरात कोण होतं?" मी पुढे निघाले. "मी रांगोळीपाशी. आईचे हात कणकेत. आणि पूजेला बसलेल्या माणसाने प्रत्येक वस्तूला बोटाने हळदकुंकू लावलं, म्हणजे चावी जागेवर नाही हे त्याला..."

माझी जीभ थांबली. पण डोकं थांबेना.

चष्मा हरवला तर बाबा सोफ्याच्या गाद्या उपसतो, फ्रीजमध्ये बघतो, आईला आणि मला आळीपाळीने जबाबदार धरतो. आज नोकरीची चावी हरवली आणि त्याने एक गादीसुद्धा उचलली नाही. बसून श्रीखंड खाल्लं. मला मघाशी खटकलं होतं ते हेच.

आणि माझी नजर त्याच्या झब्ब्यावर गेली. सगळ्यांनी दिलेलं सोनं त्याने उजव्या खिशात कोंबलं होतं. खिसा फुगून पानं बाहेर लोंबत होती, दोन तर जमिनीवर पडली होती. डावा खिसा सपाट होता. त्यात त्याने एकही पान घातलं नव्हतं.

"त्याला काय?" उद्धवकाका म्हणाला. "बोल ना जाई. कोण मग?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझं भाषण अर्धवट टाकायचं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "जरा बाल्कनीत येतोस?"

६. डावा खिसा

बाबा बाल्कनीत आला नाही. तो जिथे होता तिथेच उभा राहिला, त्याने डाव्या खिशात हात घातला आणि चावी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"नको बाल्कनीत," तो म्हणाला. "मघाशी कॉनरची बॅग सगळ्यांसमोर उघडली. हेही सगळ्यांसमोरच होऊ दे."

उर्मिलाकाकू खुर्चीवर बसल्या. कॉनर चावीकडे पाहत राहिला.

"लपवायची म्हणून काढली नव्हती," बाबा म्हणाला. "पूजेला बसलो. लॅपटॉपला कुंकू लावलं. हातोडीला लावलं. जाईच्या कॅल्क्युलेटरला लावलं. मग हिच्यापाशी आलो आणि बोट पुढे जाईना. हत्याराची पूजा करायची म्हणजे काय? त्याला म्हणायचं, बाबा रे, तू माझं पोट भरतोस, तुझे उपकार. आणि हिने मी आज रात्री काय करणार होतो? ज्या बाईने मला हे काम शिकवलं, तिचं काम तिच्या हातातून काढून घेणार होतो. मला हिला कुंकू लावता आलं नाही. म्हणून उचलली आणि खिशात टाकली. मग पाटभर कुंकू-अक्षता वाहिल्या आणि शेवटी हिच्या जागी फूल ठेवलं."

"आणि मॅडमचा फोन आला तेव्हा?" आईने विचारलं.

"तोंडातून निघून गेलं. 'नाहीये.' निघाल्यावर असं हलकं वाटलं की परत घेववेना." त्याने कॉनरकडे पाहिलं. "पण तू बॅग उलटी केलीस तेव्हाच मी बोलायला हवं होतं. ते मी केलं नाही. माफ कर मला."

कॉनर म्हणाला, "निआवला सांगितलं तर ती म्हणेल, प्रबोधला खोटं बोलायचं ट्रेनिंग आपण दिलंच नाही." आणि तो हसला, मग बाबाही हसला, पण बाबाचं हसू मध्येच तुटलं.

उद्धवकाका हसला नाही. "अरे, माझाही पास त्याच कंपनीवर आहे रे," तो म्हणाला. "तू नाही म्हणालास तर पाच मिनिटांनी मला फोन येईल. मी काय सांगू?"

"ते तुझं तू ठरव, उद्धव. मी तुला काही म्हणणार नाही."

काकाने जमिनीवर पडलेलं एक पान उचलून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "आम्ही जरा खाली स्विमिंग पूलपाशी जाऊन येतो. चल कॉनर. उर्मिला, चल."

दार लागलं. घड्याळात पाचला थोडंच कमी होतं.

७. पाचच्या आधी

आई बाबासमोर बसली. "तर?"

"मी हो म्हणणार आहे," बाबा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आत्ता तर तू म्हणालास..."

"जे म्हणालो ते खरंच आहे. पण नीता, पास गेला की महिनाभरात निघावं लागतं. तुझ्या पासवर तिघांचं भागेल का, ते आपल्याला माहीत नाही."

"नाही माहीत," आई म्हणाली. "पण विचारता येईल. लहान फ्लॅट बघता येईल. ते कारण नाहीये, प्रबोध. खरं कारण सांग."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी ही पोरगी शाळेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. डब्यात पोळी तशीच परत यायची. आता बघ, माझी चोरी पकडते, सभा भरवते. हिला मी पुन्हा उचलून दुसरीकडे नेऊ? निआवचं वाईट वाटतंच. पण हिच्यापुढे मला निआव नाही दिसत."

फोन टेबलावर चावीशेजारी पडला होता. तो थरथरायला लागला. पडद्यावर मॅडमचं नाव होतं.

मी फोनवर हात ठेवला. उचलू दिला नाही.

"थांब बाबा. आधी माझं ऐक, मग घे," मी म्हणाले. माझा आवाज डिबेटसारखा येत नव्हता, चिरकत होता, पण येत होता. "मी ठरवलंय. तू तिला सांगायचं की चावी सापडली, तुझ्याच खिशात होती, कुणी घेतली नव्हती. कॉनरचं नाव कुणी काढायचं नाही. आणि डब्लिनचं काम तू करणार नाहीस. मग पास गेला तर गेला. पुण्याला जायची वेळ आली तर मी येणार. फायनल बुडेल. मी रडेन, चैत्राली आणि मे लिन पण रडतील, आणि पहिले काही महिने मी तुमच्याशी फार वाईट वागेन, ते आत्ताच सांगून ठेवते. पण मी जाईन त्या वर्गात बोलेन. दोन वर्षांपूर्वी मला ते येत नव्हतं, आता येतं. म्हणून 'जाईसाठी' असं म्हणून तू हो म्हणायचं नाहीस. दुसरं कुठलंही कारण असेल तर हो म्हण. माझं नाव त्यात चालणार नाही. आई, तूही ऐकलंस ना? हे मी तुम्हाला विचारत नाहीये. सांगते आहे."